काठावरचं माणूस

साक्षगंधाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ओसरीवर कोण येऊन बसलं असेल, तर मनकर्णाबाई. नवरी अजून पांघरुणात होती.

संजीवनीनं चुलीपासून मान वर करून पाहिलं आणि तव्यावरची पोळी करपली. ते अंजिरी लुगडं तिनंच मागच्या महिन्यात मेहकरच्या बाजारातून आणलं होतं. पण आणताना तिच्या मनात लग्नाचा दिवस होता. आपलं दार, आपला मांडव, आपल्याच गावची ओळखीची माणसं. आज तर सगळ्यांनी धरणाच्या पाण्यापलीकडे खांबाळ्याला जायचं होतं. नवरदेवाची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून साक्षगंध त्यांच्याकडे ठरलं होतं. आणि पाण्यापलीकडे जायचं म्हटलं की मनकर्णाबाईनं काठावर थांबायचं, हे या घरात सांगावं लागत नसे. चहात साखर घाल म्हणून कोणी सांगतं का?

संजीवनी परसात गेली. तिचा नवरा गोपाल खिडकीत आरसा ठेवून दाढी करत होता.

"आत्याबाई नवं लुगडं नेसून बसल्या."

"मंग? चांगलंच हाय ना."

"चांगलं कायचं? येऊन राह्यल्या वाटते त्या."

गोपालचा हात गालावर थांबला. "कोनं सांगतलं त्याईले?"

"तुमच्या भावानं. काल सांजच्याला नावेतलं जाकीट घालून दाखवत होता त्याईले. हे तुह्या मापाचं म्हने."

गोपालनं वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. "बाबा पाहतीन काय ते."

हे गोपालचं जन्मभराचं उत्तर. बाबा जिकडे झुकतील तिकडे हा आधीच जाऊन उभा राहिलेला असायचा, आणि वर म्हणायचा की मी तर पहिल्यापासूनच म्हणत होतो. संजीवनीनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच हे ओळखलं होतं. त्यामुळे तिनं पुढं वाद घातला नाही. ती परत चुलीपाशी आली.

तिला नवऱ्याच्या या आत्याचा, मनकर्णाबाईचा, राग नव्हता. प्राची, आजची नवरी, जन्मली ती संजीवनीला आजारी पाडूनच. पुढचं वर्षभर पोरगी वाढली ती या आत्याबाईच्या कडेवर. त्यांच्या हातच्या पेजेचा वास अजून प्राचीला आवडतो. पण खांबाळ्याच्या बाया विचारतील. ह्या कोन? नवरदेवाच्या होणाऱ्या सासूबाईच्या कोन लागतात? कपाळाले कुंकू हाय, मंग मालक कुठी हायेत? मालक उंद्रीला होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यानं दुसरं घर मांडलं, मनकर्णाबाईला माहेरी आणून सोडलं, आणि नंतर जिवंत असल्याचाही निरोप पाठवला नाही, मेल्याचाही नाही. हे सगळं परक्या ओसरीवर, लेकीच्या साक्षगंधात उकरायचं? संजीवनीला आपल्या मनाची लाज वाटली. तरी तिला वाटतच राहिलं की आत्याबाईंनी आजही काठावरच थांबावं.

*

वारुळीचा घाट म्हणजे फार काही नाही. पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, दोन बाभळी, गफ्फारभाईची चहाची टपरी, आणि उताराच्या डाव्या अंगाला एक काळा, बसका धोंडा. त्याला सगळं गाव आत्याचा धोंडा म्हणायचं. बाहेरगावच्या माणसाला वाटायचं कुठल्या तरी देवीचं ठाणं असेल. दोनचार जणांनी तिथं हळदकुंकूही वाहिलं होतं, आणि मनकर्णाबाईनं ते आपल्या हातानं धुऊन काढलं होतं.

मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाव उलटली, माणसं गेली, तेव्हा तहसीलचे साहेब इथंही आले. त्यांनी नावेच्या अंगावर तांबडी रेघ मारली. या रेघेच्या वर पाणी आलं तर नाव सोडायची नाही. पाण्यावर तरंगवणारी नारिंगी जाकिटं दिली. घाटावर पाटी लावली. गावोगावची नाव चालवणारी पोरं शिकायला नेली, त्यात प्रेम होता. गोपालचा हा धाकटा भाऊ, अजून बिनलग्नाचा, अंगानं उंच आणि तोंडानं फटकळ. परत आला तो हातात शिट्टी घेऊन. तेव्हापासून जाकीट घातल्याशिवाय त्यानं कोणाला नावेत पाय ठेवू दिला नव्हता. सरपंचालाही नाही. भोयांच्या पोरानं सरपंचाला उतरवलं, ही गोष्ट अजून गफ्फारभाईच्या टपरीवर चहाबरोबर फुकट मिळायची.

आज नावेत घरचीच माणसं होती. बाकीचे पाहुणे हिवरा आश्रमाकडून परस्पर बसनं खांबाळ्याला पोचणार होते. प्रेम एकेकाला उभं करून पट्टे आवळत होता. प्राचीचा शालू चुरगळू नये म्हणून तिचं जाकीट त्यानं जरा सैल ठेवलं, मग स्वतःलाच शिव्या दिल्या आणि पुन्हा आवळलं. शेवटी तो मनकर्णाबाईपाशी आला. अंजिरी लुगड्यावर नारिंगी जाकीट. ती हात जरा दूर धरून उभी राहिली.

"लय घट्ट तं नाई?"

"नाई रे बापा. असू दे."

तिच्या आवाजातला आनंद प्रेमला ऐकू आला आणि त्याला एकदम भीती वाटली. कारण बाबा अजून काही बोलले नव्हते.

गोपाल-प्रेमचा बाप निवृत्ती उतारावर उभा होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. नवरदेवाला टिळा तो लावणार होता. त्याची बायको रुक्मिणीबाई गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस तेवढंच एक. त्यानं नावेकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं.

"काठावर कोन थांबते?"

"आज कोनी नाई," प्रेम म्हणाला. "सगळ्याईले जाकीट हाय बाबा. हे घातल्यावर मानूस बुडतच नाई. मी सोता खोल पान्यात उडी मारून पाह्यलं."

"जाकीट मानसाले हाय. घराले जाकीट हाय काय?"

"घराले कायचं जाकीट?"

"तुह्या आज्यानं हे उगाच नाई सांगून ठिवलं."

आज्यानं काय सांगून ठेवलं ते सगळ्यांना पाठ होतं. धरण व्हायच्या आधी इथं नुसती पैनगंगा होती. पुराच्या दिवसांत निवृत्तीच्या थोरल्या चुलत्याचं सगळं घर एका नावेतून जत्रेला निघालं आणि कोणीच परत आलं नाही. कोणाला कळलंही नाही, कारण कळायला घरात कोणी उरलंच नव्हतं. गोठ्यात बांधलेल्या म्हशी वैरणीवाचून हंबरायला लागल्या, तेव्हा गावाला समजलं. त्यानंतर निवृत्तीच्या बापानं नेम घालून दिला. सगळं घर एका नावेत बसणार नाही. एक माणूस काठावर थांबेल, नाव पलीकडे टेकेपर्यंत तिच्यावर नजर ठेवील, आणि नाव परत येईपर्यंत काठ सोडणार नाही.

"मंग पाळी लावा," प्रेम म्हणाला. "मी थांबतो. नाव दादा चालवन."

गोपालनं खाली पाहिलं. "मले आता सवय राह्यली नाई बे वल्ह्याची. बाया बसल्या नावेत. कायले जोखीम?"

"वहिनी?"

"मायनंच थांबलं लेकीच्या साक्षगंधाले, तं लोक काय म्हनतीन भाऊजी?" संजीवनी म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"मीच थांबते," प्राची म्हणाली. "तुम्ही लावून घ्या कुंकू. मंग मले सांगजा कसा झाला कार्यक्रम."

एरवी यावर हशा झाला असता. कोणी हसलं नाही. कोणी मनकर्णाबाईकडे पाहिलंही नाही. पण तिच्याकडे न पाहण्याची सगळ्यांची तऱ्हा इतकी सारखी होती, की ती तिला हाक मारल्यासारखीच कळली. तिनं मान खाली घातली आणि जाकिटाचा वरचा पट्टा चाचपडत सोडायला घेतला. ते नव्या जातीचं बक्कल तिला उघडेना.

टपरीत गफ्फारभाई पेले विसळत होता. हे सगळं तो ऐकत होता, कारण घाटावर न ऐकून जायचं कुठं? त्यानं हात पुसले आणि बाहेर येऊन उभा राहिला.

"निवृत्तीभाऊ, खपा नका होऊ. येक गोठ बोलू काय?"

"बोला."

"दोन खेपा करा ना. आर्धे आता जा, आर्धे मांगून. पयल्या खेपेचे तिकडच्या काठावर थांबतीन, दुसऱ्याईची नाव टेकेपावतर पाहतीन. येतांनी बी तसंच. काठ बी मोकळा नाई राह्यत, अन् घर बी येका नावेत नाई बसत. बस, हाय काय त्याच्यात?"

प्रेमची कानशिलं तापली. शिट्टी गळ्यात घालून तो गावभर हिंडत होता, आणि इतकी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. गोपाल नावेच्या तांबड्या रेघेकडे बघत राहिला.

"हे आजपावतर कोनाच्याच डोक्यात कसं नाई आलं?" निवृत्ती म्हणाला. तो गफ्फारभाईला विचारत होता.

"माह्या आलं होतं," मनकर्णाबाई म्हणाली.

ती अजून त्या बक्कलाशीच झटत होती. मान वर न करताच तिनं सांगितलं.

"कवा?"

"लय वर्स झाले. गोपालचं लगन होतं, तवा. वरात पल्याडून येऊन राह्यली होती अन् मी इथं उभी होती. तवाच आलं मनात."

"मंग बोलली काऊन नाई?"

बक्कल सुटलं. मनकर्णाबाईनं पट्टा हातात धरून ठेवला.

"म्हनलं, कोनाले सुचते काय पाहू."

*

निवृत्तीला आपल्या बहिणीचा राग येऊन गेला, तो पहिल्यांदा. माणसानं बोलावं. मुक्यानं बसून दुसऱ्याची परीक्षा घेऊ नये. मग तो राग उभा राहायला जागा शोधू लागला आणि त्याला ती सापडेना.

बापानं नेम घातला तो पाळीचा. हे निवृत्तीला चांगलं आठवत होतं. एकदा आई थांबायची, एकदा काका, एकदा तो स्वतः. मावसभावाच्या लग्नाला त्याची पाळी आली होती. बँडचा आवाज पाण्यावरून येत होता आणि हा काठावर बसून रडत होता. आईनं पदरातून बुंदीचा लाडू आणला, तो त्यानं रागानं नदीत फेकला. पाळी होती म्हणून रडता आलं. पुढच्या खेपेला आपण जाणार हे ठाऊक होतं.

मग मनकर्णा उंद्रीहून परत आली. त्याच पंधरवड्यात कोणाचं तरी बारसं निघालं. आई म्हणाली, आज मनकर्णा थांबन, तिले लोकायत बरं वाटत नाई. खरंच वाटत नव्हतं. लोक विचारायचे, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनंच मान हलवली. पुढच्या वेळी आईनं विचारलं की नाही, ते निवृत्तीला आठवेना. त्याच्या पुढच्या वेळी कोणीच विचारलं नाही, हे मात्र नक्की. आई गेली, नदीचं धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं गाव काठावर बसलं, पाणी चौपट रुंद झालं. गोपालचं लग्न झालं, रुक्मिणीबाई गेली. आणि मनकर्णा काठावर उभीच राहिली. ती थांबते म्हणून कोणाला थांबावं लागत नव्हतं. कोणाला थांबावं लागत नव्हतं म्हणून कोणाला काही सुचायची गरज पडली नव्हती.

आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती. टाकलेली बहीण चारचौघांत मिरवायची नसली की हा नेम फार सोयीचा होता. बापाचं नाव पुढं करता यायचं.

"दोन खेपा नाई," निवृत्ती म्हणाला. "येकच खेप. मनकर्णा जाईन. मी थांबतो."

संजीवनी पुढं आली. "मामाजी, टिळा कोन लावन मंग?"

"हे लावन."

"आत्याबाई?" संजीवनीनं आवाज खाली आणला, पण पाण्याकाठी आवाज खाली राहत नाही. "लोक इचारतीन मामाजी. पोरीचा मामला हाय."

"काय इचारतीन?"

संजीवनीनं हातातल्या कुंकवाच्या वाटीकडे पाहिलं.

"इचारलं तं सांगजो, आमच्या घरचं मोठं मानूस हाय. त्याच्यावर इचारलं तं सांगजो, तुमची सून हिच्याच कडेवर मोठी झाली. त्याच्यावर बी इचारलं, तं नाव वापस आनजा. असल्या घरी मले पोरगी द्याची नाई."

"बाबा बरोबर म्हनून राह्यले," गोपाल म्हणाला. आज पहिल्यांदा संजीवनीला त्या बोलण्याचा राग आला नाही.

गफ्फारभाईला हे पटेना. "अरे भाऊ, दोन खेपात सगळेच जाऊन राह्यले ना. नातीचं साक्षगंध हाय. तुम्ही कायले थांबता?"

"माही पाळी हाय, गफ्फारभाई. लय दिवसाची राह्यली."

नको भाऊ, तू जा, असं मनकर्णाबाई म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली नाही. ती प्रेमपुढे ताठ उभी राहिली, आणि त्यानं पट्टा पुन्हा लावला.

नावेत चढण्याआधी ती धोंड्यापाशी गेली. त्याच्या खालच्या फटीत काठीला बांधलेलं एक पांढरं फडकं होतं. जुन्या लुगड्याचं, दरवर्षी बदललेलं. ते तिनं भावाच्या हातात दिलं.

"नाव तिकडे टेकली का हे वर करजो. आम्हाले दिसन. अन् चप्पल काढू नको, धोंडा तापते दुपारी. चहा प्याले गेला तरी पान्याकडे पाठ नको करू. पाठ केली का मंग जीव लागत नाई कशातच."

निवृत्तीनं फडकं घेतलं. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. आयुष्यभर त्यानं याच पाण्यावर वल्हं मारलं होतं, पलीकडून काय दिसतं ते त्याला ठाऊक होतं. पण प्रेमनं शिट्टी वाजवली, आणि ते सांगायचं राहून गेलं.

*

मनकर्णाबाई नावेच्या मध्यावर बसली. एका बाजूला प्राची, दुसऱ्या बाजूला संजीवनी. लहानपणी ती याच घरच्या नावेत जन्मल्यासारखी हिंडायची, पण तेव्हा नदी होती. धरणाचं हे पाणी तिनं फक्त काठावरून पाहिलं होतं. काठावरून ते चपटं दिसायचं. आत आल्यावर कळलं की ते सारखं हलतं.

तिला बरं वाटत होतं. वारा तोंडावर येत होता. प्राचीच्या केसांत मोगरा होता. तिनं सवयीनं पोरीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या बांगड्या उगाच मागेपुढे सारल्या.

अर्धं पाणी ओलांडल्यावर ती वळली. भाऊ कसा उभा आहे ते तिला पाहायचं होतं.

तिला बाभळी दिसल्या. दोन नाही, नुसता एक हिरवा ठिपका. टपरीचा पत्रा एकदा चमकला. बाकी सगळा काठ म्हणजे एक मातकट पट्टी होती. तिनं डोळे बारीक केले, हाताचा आडोसा धरला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरं फडकं. काहीच नाही.

"भाऊ कुठी हाय वो प्राची? माहे डोये गेले वाटते."

"असतीन ना धोंड्यावर," प्राची म्हणाली. ती मोबाईलमध्ये आपली टिकली बघत होती. "इथून कायचे दिसतात?"

"दिसत नाई?"

"नाई. अर्ध्या पान्याच्या पुढं मानूस नाई दिसत आत्या. कोनालेच नाई दिसत."

बोलून गेल्यावर प्राचीनं मोबाईल खाली केला. प्रेमची वल्ही थांबली नाहीत, पण त्यानं मान फिरवली. गोपाल पाण्यात हात घालून बसला होता, तो तसाच बसून राहिला.

नाव परत आली की दर वेळी मनकर्णाबाई एकच गोष्ट विचारायची. फडकं दिसलं होतं ना? आणि जो कोणी आधी उतरेल तो म्हणायचा, हाव, दिसलं. निवृत्ती म्हणायचा. रुक्मिणीबाई म्हणायची. बहुतेक वेळा संजीवनीच म्हणायची, कारण तिलाच स्वयंपाकाची घाई असायची आणि तीच आधी उतरायची.

"संजीवनी, तू तं दर खेपेले म्हने, दिसलं म्हनून."

संजीवनीनं मांडीवरची कुंकवाची वाटी घट्ट धरली. "म्हनत होती."

"काऊन?"

"तुम्हाले बरं वाटावं म्हनून." ती थांबली. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "अन् मले बी. तुम्ही तिथं हायेत अन् आम्ही तुम्हाले पाहून राह्यलो, असं म्हनलं का मले बी बरं वाटे."

मनकर्णाबाईनं मान हलवली. ती रागावली नाही. रागवायला समोर कोणीतरी एक माणूस लागतं, आणि इथं सगळं घर होतं. तिला आठवत होतं की उन्हापावसात आपण ते फडकं किती उंच धरायचो. हात भरून यायचे, तरी खाली घ्यायचो नाही. पलीकडे वल्हं वर झाल्याची ओली चमक दिसली की आपण हसायचो. ते वल्हं तिच्यासाठी नव्हतंच. नाव काठाला लावताना ते वर घ्यावंच लागतं, हे तिला आत्ता, प्रेमचे हात बघताना कळत होतं.

त्या धोंड्यावर तिनं एकटीनं फार दिवस काढले होते, पण असं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. सगळी माणसं हाताच्या अंतरावर होती. तिनं प्राचीचा हात सोडला नाही, आणि ती मागेच बघत राहिली. काठावरून नाव कशी दिसते, ते तिला ठाऊक होतं. आत्ता ती बोराएवढी झाली असेल. आता जाकिटांचा रंग तेवढा कळत असेल. आता तोही नाही.

नाव टेकली. खांबाळ्याच्या बाया ताटं घेऊन चढावर उभ्या होत्या. कोणीतरी सनई लावली होती. प्रेमनं सगळ्यांना उतरवलं, मनकर्णाबाईचं सोडून बाकीची जाकिटं गोळा केली, आणि गोपालबरोबर दोर धरून नाव उजवीकडे ओढायला लागला. तिथं वळणाआड करंजाची दाट सावली होती. नाव नेहमी तिथंच लावायचे.

मनकर्णाबाई चढाच्या पायथ्याशी थांबली.

"नाव कुठी नेऊन राह्यले रे?"

"सावलीत, आत्या. उन्हात फळ्या तापतात. सांजच्याला बसवत नाई."

"थितं गेली का तिकडून दिसत नाई."

प्रेमला कळलं नाही.

"काठावरून मानूस नाई दिसत, पन नाव दिसते," ती म्हणाली. "अशी उघड्यावर असली तं कायीकुट्ट रेघ दिसते. टेकली का मी फडकं वर करो, अन् मंग तुम्ही नाव वयनाआड घेऊन जात. येका घडीत काईच राह्यत नसे. सांजवरी नुसतं पानी. बुडाली का हाय, तेबी समजत नसे. दर खेपेले वाटे, येक निरोप द्यावा बाबाहो, नाव दिसन अशी लावत जा. पन थो निरोप बी नावेतूनच आला असता ना. अन् सांजच्याला तुम्ही सगळे दिसले का मंग सांगाचं राहूनच जाये."

दोर हातात धरून दोघे भाऊ उभे राहिले.

"उघड्यावर ठिव रे बापा. त्याले पाहाले काईतरी पायजे."

"फळ्या तापतीन आत्या," गोपाल म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

चढावरून एक थोराड बाई ताट घेऊन खाली आली. नवरदेवाची काकू. तिनं मनकर्णाबाईच्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, आणि संजीवनीला विचारलं, "ह्या कोन वो?"

संजीवनीनं कुंकवाची वाटी प्राचीच्या हातात दिली. नव्या साडीचा पदर कमरेला खोचला.

"आमच्या घरच्या मोठ्या हायेत. टिळा ह्याच लावनार," ती म्हणाली, आणि उतारावरून खाली जाऊन तिनं दोराला हात घातला. "वढा वो. इकडे, उन्हात. तापल्या तं तापल्या. उभं राहून जाऊ."

नाव करकरत मागे आली आणि मोकळ्या काठावर आडवी उभी राहिली. मनकर्णाबाईनं अंगातलं जाकीट काढलं. या वेळी बक्कल लगेच सुटलं. जाकीट तिनं नावेच्या टोकाला, जरा उंच, पलीकडच्या बाजूला तोंड करून अडकवलं. मग प्राचीच्या हातून वाटी घेतली आणि ती चढ चढायला लागली.